शेन : बघायचा की मानायचा?

मामा सोलापुरात अ‍ॅक्युपंक्चर करतात. भाची पुण्यात मेंदुविकारतज्ज्ञ आहे. चिनी वैद्यकातल्या ‘शेन’वरून दोघांचं कधीच पटत नाही. शेन म्हणजे ढोबळमानाने माणसातली जाग : त्याचं भान, डोळ्यांतलं तेज, बोलण्यातली संगती. प्राचीन चिनी वैद्यांनी तिचं ठाणं हृदयात मानलं आणि निदानात तिला पहिला मान दिला. मामांच्या मते वैद्यकाला सुचलेली ही फार मोलाची गोष्ट आहे. भाचीच्या मते ही जुन्या काळाची अडगळ आहे. त्यांच्यातला हा एक वाद.

भाची : मामा, तू पेशंटच्या मनगटात सुई लावतोस आणि त्याला सांगतोस, तुमचा शेन अस्वस्थ झालाय. त्या जागी मला अल्नर नर्व्ह माहीत आहे, अल्नर धमनी माहीत आहे. शेन कुठल्याच एमआरआयमध्ये दिसलेला नाही.

मामा : करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीवर. त्या बिंदूचं नाव शेनमेन, म्हणजे शेनचा दरवाजा. झोप उडाली, छातीत धडधडतं, उगाच घाबरं होतं, अशा तक्रारींना तिथे सुई लावायची रीत फार जुनी आहे. तुझी नर्व्ह तिथे आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण शेन एमआरआयमध्ये शोधायला गेलीस तर सापडणार नाही. तो पेशंटच्या चेहऱ्यावर बघायचा असतो.

भाची : म्हणजे आत्माच की. अंगात येणं, बाहेरची बाधा, आणि आता हा शेन. एका माळेचे मणी.

मामा : इथेच तुझी गल्लत होते. या वैद्यांनी भूतबाधेशी भांडण काढूनच आपला धंदा उभा केला. सिमा छियान या प्राचीन चिनी इतिहासकाराच्या ग्रंथात बियान छ्वे नावाच्या वैद्याची गोष्ट आहे. कुठल्या सहा प्रकारच्या रोग्यांना बरं करता येत नाही, याची यादी तिथे दिलीय. शेवटचा प्रकार कोणता? मांत्रिकावर विश्वास ठेवतो आणि वैद्यावर ठेवत नाही, तो. आणि चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ ‘हुआंगदी नेईजिंग’ घे. इसवी सनापूर्वी एक-दोन शतकं, त्या सुमाराला तो आकाराला आला. ‘सूवेन’ आणि ‘लिंगशू’ असे दोन भाग, प्रत्येकी ८१ प्रकरणं. सम्राट विचारतो आणि ची बो नावाचा वैद्य उत्तरं देतो, म्हणजे तोही आपल्यासारखाच संवाद. त्यातही स्पष्ट म्हटलंय की भुताखेतांत अडकलेल्या माणसाशी वैद्यकाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

भाची : वा! मग त्याच ग्रंथात हुन आणि पो काय करतायत? माणूस मेला की हुन वर जातो आणि पो मातीत उतरतो, अशी चिनी लोकांची समजूत होती ना? वैद्यांनी एकाला यकृतात बसवलं आणि दुसऱ्याला फुप्फुसात.

मामा : आणि यी, म्हणजे विचार, प्लीहेत. झी, म्हणजे निश्चय, मूत्रपिंडात. शेन हृदयात. पाच अवयव आणि पाच वृत्ती. पण त्यांनी काय केलं ते बघ. मेल्यानंतर कुठे जायचं याची चर्चा जिथे चालली होती, तिथून हे शब्द उचलले आणि जिवंत माणसाच्या पोटात आणून ठेवले. हुन म्हणजे स्वप्नं, कल्पना, मनाचं भटकणं. पो म्हणजे अंगाची उपजत समज. तान्हं मूल रडतं, हातपाय झाडतं, ते पोचं काम, असं नंतरच्या टीकाकारांनी लिहिलंय. स्वप्नांनी झोप मोडते म्हणणाऱ्या माणसाकडे वैद्य यकृताच्या अंगाने बघायला लागला. मांत्रिकाकडे पाठवायची गरज उरली नाही.

भाची : पत्ता बदलला, एवढंच. यकृतात स्वप्नं असतात याला पुरावा काय? मला तर हा राजदरबाराचा नकाशा वाटतो. हृदय सम्राट, फुप्फुस मंत्री, यकृत सेनापती, पित्ताशय न्याय करणारा, जठर आणि प्लीहा धान्याच्या कोठाराचे अधिकारी. हे सगळं सूवेनच्या आठव्या प्रकरणात आहे, तूच मला वाचायला दिलं होतंस. पाउल उन्शुल्ड हा जर्मन इतिहासकार म्हणतो की छिन राजवटीने इसवी सनापूर्वी २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आणला. रस्ते, कोठारं, अधिकाऱ्यांची उतरंड उभी राहिली, आणि तेच चित्र वैद्यांनी शरीरात पाहिलं. शवविच्छेदन करून कोणी सम्राट शोधला नव्हता.

मामा : उन्शुल्डचं म्हणणं मला पटतं. नकाशा दरबाराचाच आहे. पण त्या नकाशाने एक गोष्ट शिकवली. राजाचं चित्त ठिकाणावर नसेल तर कोठाराचा हिशोबही चुकतो. घरात मृत्यू झाल्यावर जेवण न पचणारा माणूस माझ्याकडे येतो तेव्हा मी नुसतं पोट तपासत नाही, ते या शिकवणीमुळे.

भाची : नुसतं पोट मीही तपासत नाही, आणि मला त्यासाठी सम्राट लागत नाही. बरं, हृदयाचंच घेऊ. तुझ्याच माणसांनी शेनला तिथून हाकललंय. सोळाव्या शतकातला ली शिझेन, तुमच्या औषधीशास्त्रातला सर्वांत मोठा माणूस, मेंदूला मूळ शेनचं निवासस्थान म्हणून मोकळा झाला. आणि वैद्य वांग छिंगरेन! १७९७ मध्ये साथीत मेलेल्या मुलांची प्रेतं उथळ पुरलेली होती, कुत्र्यांनी उकरून काढली होती. हा माणूस रोज तिथे जाऊन अवयव बघत राहिला. १८३० मध्ये त्याने पुस्तकच काढलं, जुन्या वैद्यांच्या चुका दुरुस्त करणारं. बुद्धी आणि स्मरण हृदयात नाहीत, मेंदूत आहेत, असं त्यात सरळ लिहिलंय.

मामा : लिहिलंय. आणि त्या पुस्तकावर टीका झाली तशी ते वाचलंही खूप गेलं. परंपरेत दोन्ही मतं आहेत, हेच मी सांगतो. पण शेन हृदयात असो की मेंदूत, बघायचा डोळ्यांतच. पत्त्यावरून वैद्याचं काम कुठे अडतं?

भाची : अडतं. आणि हे सोलापुरात बसून विचारतोस? १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यांतले द्वारकानाथ कोटणीस तुझ्या गावचे. ९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्याच्या झटक्यांनी ते तिथेच गेले. वय फक्त ३२. ज्या वर्षी ते चीनला निघाले, त्याच १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी फेनिटोइनचा फेफऱ्यावरचा गुण दाखवून दिला होता. ते औषध कसं सापडलं? झटका मेंदूत येतो हे माहीत होतं म्हणून. प्राण्याच्या मेंदूला विजेने झटका आणायचा आणि कुठल्या रसायनाने तो थांबतो ते बघायचं, अशी त्यांची पद्धत होती. शेन हृदयातच ठेवला असता तर हा प्रयोग कोणाला सुचलाच नसता. पत्ता चुकला की माणसं मरतात, मामा.

मामा : फेफऱ्याच्या माणसाला मी सुई लावत बसत नाही, तुझ्याकडे पाठवतो. त्यात वाद नाही. कोटणिसांचं नाव काढलंस म्हणून सांगतो. त्याच पाच जणांतले डॉ. बिजॉय बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. माझे गुरुजी तिथेच तयार झाले. म्हणजे माझी सुई आली तीही डॉक्टर माणसाच्याच हातून. त्यांना मेंदू माहीत होता, तरी सुई शिकावीशी वाटली. आता मी विचारतो. बेशुद्ध पेशंट आला की तू पहिलं काय बघतेस?

भाची : ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडली.

मामा : आणि आमचा वैद्य काय बघतो? डोळ्यांत तेज आहे का, बोलणं जुळतं का, अंगाची हालचाल सावध आहे का. जुळलं तर शेन आहे. मंदावलं तर शेन उणा. नजर विझली, बोलणं भरकटलं, तर शेन गेला. तुझी फूटपट्टी ती हीच.

भाची : हीच नाही. माझी नर्स रात्री तीनला ९ लिहिते, सकाळी सातला मी ७ लिहिते, आणि दोघींना कळतं की पेशंट ढासळलाय. तुझ्या वैद्याचं ‘शेन उणा’ दुसऱ्या वैद्याला कसं कळणार? त्याला वाटेल पूर्ण आहे.

मामा : हा वार बसला. पण तुझ्या ओपीडीत एक माणूस येतो. डोळे उघडे, प्रश्नाला उत्तर बरोबर, हात वर करा म्हटलं की करतो. पंधरापैकी पंधरा. आणि महिनाभर तो घरी कोणाशी बोललेला नाही, जेवायला बसला की ताटाकडे बघत राहतो. तुझी पट्टी त्याला काय म्हणते?

भाची : ती पट्टी त्याच्यासाठी नाहीच. त्याला नैराश्याची वेगळी प्रश्नावली आहे.

मामा : ती त्याच्या हातात पडणार कधी? कोणाच्या तरी नजरेला त्याचं काही बिनसलंय असं आलं तर. तुझी पट्टी काढायची की नाही हे जी नजर ठरवते, तिच्याबद्दल मी बोलतोय. आणि एक गोष्ट आमच्याकडे आहे : खोटा शेन. अनेक दिवस ग्लानीत पडलेला म्हातारा एकाएकी उठून बसतो, पेज मागतो, सगळ्यांना नावाने हाक मारतो. घरच्यांना हायसं वाटतं. जुने वैद्य शिकवायचे की फसू नका. नाडी आणि बाकीची लक्षणं जुळत नसतील तर हा मावळतीचा उजेड आहे.

भाची : विझता दिवा मोठा होतो. वॉर्डात आम्हीही बघतो हे. नातेवाईक म्हणतात आता घरी नेतो, आणि कसं समजवावं कळत नाही. ठीक आहे, निरीक्षण चांगलं आहे. पण चांगलं निरीक्षण आणि चांगलं स्पष्टीकरण यांत फरक असतो. झूशासारखं...

मामा : काय?

भाची : झूशा. सिनाबार. आपल्याकडचा हिंगूळ. पाऱ्याचं सल्फाइड. तेराव्या शतकातल्या ली दोंगयुआन या वैद्याच्या नावाने एक गोळी प्रसिद्ध आहे, शेन शांत करणारी, तिच्यातला मुख्य घटक हा. का? तर रंग लाल आणि हृदयाचा रंगही लाल. वजनाला जड, म्हणून वर उधळलेल्या शेनला खाली दाबतं. एवढ्या तर्कावर माणसांनी शतकानुशतकं पारा खाल्ला. शेनला वस्तू मानलं की तिला दाबायला वजन शोधावंच लागतं.

मामा : तो तर्क मी तुझ्यासमोर उचलून धरणार नाही. चीनच्या आजच्या औषधसंहितेतही झूशाला रोजची मर्यादा आहे, अर्ध्या ग्रॅमच्या वर जायचं नाही, दीर्घकाळ द्यायचं नाही. मी तर हातही लावत नाही. पण सगळी औषधं तशी नाहीत. झांग झोंगजिंग या जुन्या वैद्याचा एक काढा आहे : गहू, ज्येष्ठमध आणि चिनी खजूर. विनाकारण रडू कोसळणाऱ्या बाईला द्यायचा. त्यात विष कुठे आहे?

भाची : विष नाही, पण गुण आहे का हे तपासावं लागेल. निरुपद्रवी असणं म्हणजे गुणकारी असणं नव्हे.

मामा : मग औषध बाजूला ठेव. सुईही ठेव. तुला एक केस सांगतो, त्यात दोन्ही नाही. झांग छोंगझेंग, ११५६ ते १२२८, जिन राजवटीतला वैद्य. वेई देशिन नावाच्या गृहस्थाची बायको प्रवासात एका सरायच्या माडीवर उतरली होती. रात्री दरोडा पडला, आगी लावल्या, ती दचकून पलंगावरून खाली पडली. तेव्हापासून कुठे खुट्ट झालं की बेशुद्ध. घरात माणसं चवड्यांवर चालायची, भांडं वाजू द्यायची नाहीत. वर्ष उलटून गेलं. वैद्यांनी हृदयाचा विकार धरून जिनसेंग दिलं, मोती दिले, चित्त स्थिर करणाऱ्या गोळ्या दिल्या. गुण नाही.

भाची : हे मी टिपून ठेवते. शेनची औषधं हरली.

मामा : ठेव. झांगने तिला उंच खुर्चीत बसवलं. दोन दासींना तिचे हात खुर्चीच्या हातांवर धरायला सांगितलं. पुढ्यात एक बुटका चौरंग ठेवला. म्हणाला, इकडे बघा. आणि लाकडाने चौरंगावर हाणलं. बाई केवढ्यांदा दचकली! तो शांतपणे म्हणाला, मी चौरंग वाजवला, यात घाबरण्यासारखं काय आहे? थोडं थांबून पुन्हा वाजवला. दचकणं कमी झालं. आणखी तीन ते पाच वेळा. मग काठीने दार वाजवलं. मग तिच्या पाठीमागची खिडकी कोणाला तरी हळूच खरवडायला लावली. बाई हळूहळू स्थिरावली आणि हसत म्हणाली, हा कसला उपचार? त्याचं उत्तर : नेईजिंगमध्ये सांगितलंय की घाबरलेल्याला सम करावं, सम म्हणजे नेहमीचं, आणि नेहमीच्या गोष्टीला कोण घाबरतं? त्या रात्री त्याने माणसं बसवून तिच्या दार-खिडक्यांवर पहाटेपर्यंत ठोकायला लावलं. एक-दोन दिवसांत ढग गडगडले तरी ती दचकेना.

भाची : मामा, ही एक्स्पोजर थेरपी आहे! जोसेफ वोल्पीने भीती टप्प्याटप्प्याने मोडायची पद्धत मांडली १९५८ मध्ये. हा सातशे वर्षं आधी. आवाज आधी समोरून, मग पाठीमागून, आणि शेवटी रात्री. पायऱ्यासुद्धा बरोबर.

मामा : आता सांग, चौरंग बुटका का?

भाची : हाताशी तोच असेल.

मामा : नाही. कारण झांगने स्वतः लिहून ठेवलंय. दचकल्यावर शेन वर उधळतो. ठोका खालून आला की नजर खाली जाते, आणि नजर खाली गेली की शेन गोळा होतो. बाईने बघायचं कुठे, हे त्याने शेनच्या हिशोबाने ठरवलं होतं.

भाची : पण गुण आला तो सवयीने. चौरंग उंच असता तरी ती बरी झाली असती.

मामा : असेलही. तुला प्रयोगशाळेत ते वेगळं काढता येईल. पण शेनचा विचार डोक्यात नसता तर तिची नजर कुठे आहे हे बघायचं त्याला सुचलं असतं का? बाकीचे वैद्य वर्षभर रोगाला औषध देत होते. हा एकटा बाईकडे बघत होता.

भाची : म्हणजे सिद्धांत चुकीचा, पण वैद्याला जागं ठेवणारा. हे मी मान्य करू शकते. पण तेवढ्यावर तू थांबत नाहीस. सुयांचंच घे. टेड कॅपचुक, स्वतः चिनी वैद्यक शिकलेला माणूस, हार्वर्डमध्ये प्लासिबोवर काम करतो. २००८ मध्ये त्यांचा अभ्यास आला. आतड्यांच्या आयबीएस विकाराचे २६२ पेशंट, तीन गट. एक नुसता प्रतीक्षायादीवर. दुसऱ्याला नकली सुई, कातडीत न शिरणारी, आणि डॉक्टर जेवढ्यास तेवढं बोलणार. तिसऱ्याला तीच नकली सुई, पण डॉक्टर पाऊण तास बसून सगळं ऐकून घेणार. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे किती? पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. तोवर खरी सुई एकालाही लागलेली नव्हती. मग शेनमेन मनगटावर असला काय आणि कोपरावर असला काय!

मामा : ४४ आणि ६२ यांच्यात काय आहे, ते सांग.

भाची : डॉक्टरचं वागणं.

मामा : तेच मी इतका वेळ सांगतोय. सूवेनमध्ये म्हटलंय की सुई लावण्याआधी शेन ताळ्यावर आणावा. कोणाचा, यावर टीकाकारांत वाद आहे. कोणी म्हणतं रोग्याचा, कोणी म्हणतं वैद्याचा. दुसऱ्या एका प्रकरणात मात्र संशयाला जागा नाही. सुई धरणाऱ्याने वाघ धरल्यासारखा हात ठेवावा, चित्त दुसरीकडे जाऊ देऊ नये, इकडेतिकडे न बघता रोग्यावर नजर ठेवावी, असं तिथे सांगितलंय. शेनची पहिली सक्ती वैद्यावर आहे. हे पुस्तक रोग्याला दुसऱ्या क्रमांकावर तपासतं.

भाची : सुरेख. पण मग याला सुई कशाला हवी? चांगला फॅमिली डॉक्टर हेच करायचा. आणि मर्यादा लक्षात घे. आराम पडला असं पेशंटने सांगितलं, आतड्याची गाठ विरघळली असं नाही. ६२ टक्क्यांच्या जोरावर उद्या कोणी कॅन्सरच्या पेशंटला शेन सांभाळा म्हणून घरी बसवेल. जगभर हे चालतं. आणि शेनचं काय झालं तेही बघ. चीनमध्ये १९५६ नंतर सरकारी महाविद्यालयं निघाली, पाठ्यपुस्तकं आली, तेव्हा शेनला मानसिक क्रिया म्हणून एका परिच्छेदात गुंडाळलं. पश्चिमेत उलट झालं. तिथे काही शाळांनी त्याला इतका फुगवला की प्रत्येक दुखण्याच्या मुळाशी आत्म्याची जखम सापडायला लागली.

मामा : दोन्हींचा मला कंटाळा आहे. एकाने शेन परीक्षेपुरता ठेवला, दुसऱ्याने प्रवचनापुरता. दोघांनीही पेशंटकडे बघणं सोडलं.

भाची : मग प्रवचन नको, परीक्षाच घेऊ. तुझ्या दवाखान्यातले वीस पेशंट. तू आणि तुझा एखादा समव्यवसायी, दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येकाचा शेन लिहायचा : पूर्ण, उणा, गेलेला, खोटा. एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांचं बहुतेक जुळलं तर मी म्हणेन की शेन हे निरीक्षण आहे, आणि माझ्या केसपेपरवर त्याला एक रकाना देईन. नाही जुळलं तर ती तुझी मर्जी आहे, आणि पेशंटला तो शब्द सांगायचा नाही.

मामा : कबूल. पण माझीही अट आहे. तेच वीस पेशंट तूही तपासायचेस, तुझ्या पद्धतीने. आणि पेशंट आत आल्यापासून तू कागदाकडे किंवा पडद्याकडे वळेपर्यंत किती सेकंद त्याच्याकडे बघितलंस, हे तुझ्या ज्युनियरने घड्याळ लावून लिहायचं.

भाची : याचा शेनशी काय संबंध?

मामा : माझी नजर तू तपासणार, तर तुझीही तपासली जायला हवी. आकडा काय येईल याचा अंदाज आत्ताच सांग.

भाची : सांगत नाही. आधी लिहून ठेवला तर निकाल बिघडेल.

मामा : बिघडू दे. मला पेशंटचं भलं झालेलं चालेल, अभ्यास फसला तरी.

भाची : मला नाही चालणार. दोन्ही हवंय. शनिवारी येते, समव्यवसायी तू बोलावून ठेव.